मुलीला खासगी विद्यापीठात मीडिया शिकायला पाठवताना फी भरण्याआधी काय मोजून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उदगीरची मुलगी, बारावी वाणिज्य, शिक्षण मराठी माध्यमातून. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात संवाद आणि माध्यम विषयाच्या पदवीला प्रवेश मिळतोय. वर्षाची फी ३ लाख २० हजार, वसतिगृह आणि मेसचे १ लाख ४० हजार. दहा लाखांचं कर्ज काढावं लागेल. स्टुडिओ पाहून घरचे भारावले आहेत. वडिलांनी विचारलंय की पैसे भरावेत का, आणि भरले तर मुलीने तीन वर्षांत काय करावं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वकिली करायला सनद लागते, डॉक्टरकीला नोंदणी लागते. पत्रकारिता, जाहिरात, व्हिडिओ निर्मिती, जनसंपर्क यांपैकी कशालाही परवाना लागत नाही. नोकरी देणारा पदवी आहे की नाही एवढं बघतो आणि मग केलेलं काम मागतो. म्हणजे तुम्ही जे पावणेचौदा-चौदा लाख भरणार आहात ते त्या पदवीच्या कागदासाठी नसतात. यंत्र हातात येण्याचे तास आणि काम ओळीनओळ तपासून परत देणारा शिक्षक, यासाठी ते असतात. या दोन्ही गोष्टी प्रवेशाआधी मोजता येतात, आणि बहुतेक पालक त्या मोजत नाहीत.

स्टुडिओपासून सुरुवात करू. प्रवेशाच्या दिवशी दाखवतात तो हिरवा पडदा, दिव्यांची रांग, पीसीआर म्हणजे नियंत्रण कक्षातले पडदे, हे सगळं खरं असतं. प्रश्न एवढाच की त्यातलं तुमच्या मुलीच्या वाट्याला किती येतं. समजा एका वर्षात ६० विद्यार्थी आहेत. तीन वर्षांचे मिळून १८०. पाच-पाच जणांचे गट केले तर ३६ गट. विभागाकडे कॅमेरे ८. त्यातले दोन कायम वर्गातल्या प्रात्यक्षिकाला किंवा दुरुस्तीला गेलेले धरा, राहिले ६. एकदा कॅमेरा दिला की शूटिंग, कार्ड रिकामं करणं, बॅटऱ्या चार्ज करणं यात दोन दिवस जातात. १५ आठवड्यांचं सत्र, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे ७५ दिवस. ६ कॅमेरे गुणिले ७५, भागिले २, म्हणजे २२५ वेळा कॅमेरा बाहेर जाऊ शकतो. ३६ गटांत वाटले तर गटाला सहा वेळा. गटात पाच जण आहेत, त्यामुळे एका विद्यार्थ्याच्या हातात कॅमेरामन म्हणून तो सत्रात जेमतेम एकदा येतो. ही आकडेमोड सगळं सुरळीत चाललं तरची आहे.

म्हणून भेट द्यायला जाल तेव्हा साहित्य देण्याघेण्याची खोली बघा आणि तिथलं इश्यू रजिस्टर दाखवायला सांगा. त्यात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या सह्या आहेत का, की कॅमेरा फक्त तिसऱ्या वर्षाला मिळतो? मुलींच्या सह्या किती? शनिवारी-रविवारी साहित्य मिळतं का? लेन्स पडली तर भरपाई कोण देतो आणि त्यासाठी किती अनामत घेतात? ज्या विभागात यंत्रं खरंच वापरली जातात तिथलं रजिस्टर मळकं असतं आणि पेटीवर ओरखडे असतात. चकचकीत पेटी पाहून हरखून जाऊ नका.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा, कारण माहितीपुस्तकात ती नसते. वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं आणि एडिट लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते? नवशिक्याला तीन मिनिटांची फिल्म नीट कापायला बारा-पंधरा तास सहज लागतात. दिवसभर तास, संध्याकाळी सातला लॅब बंद, साडेआठला हजेरी, अशी व्यवस्था असेल तर ती मुलगी संकलन शिकणार कधी? मग गटातली बाहेर खोली करून राहणारी मुलं संकलन करतात आणि मुलींच्या वाट्याला पटकथा आणि फाइल रंगवणं येतं. रात्रीच्या कामासाठी विभागप्रमुखांच्या सहीचा पास मिळतो का, परत सोडायला गाडी असते का, हे थेट वसतिगृहाच्या रेक्टरना विचारा, प्रवेश विभागाला नको.

आता शिक्षक. नियमित सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. ही अट असते. शिवाय २०२२ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून व्यवसायातल्या अनुभवी माणसांना मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत घेण्याची मुभा दिली आहे. दोन्ही प्रकारचे लोक हवेत. वेबसाइटवर मोठ्या संपादकांचे फोटो असतात. ते बहुधा वर्षातून एखादं व्याख्यान देतात, त्यांना मोजू नका. वेळापत्रक मागा आणि ‘बातमीलेखन’ किंवा ‘वृत्तसंकलन’ या विषयापुढे कुणाचं नाव आहे ते बघा. नंतर त्याच वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याची तपासलेली कॉपी, म्हणजे त्याने लिहिलेली बातमी, दाखवायला सांगा. सगळ्या तपासणीत ही एक मी सर्वांत वर ठेवतो.

तपासलेली कॉपी कशी असते? विद्यार्थी बहुतेक वेळा असं लिहून आणतो: ‘शहरात पाणीप्रश्न गंभीर बनला असून नागरिकांमध्ये तीव्र नाराजी पसरली असल्याचे दिसून येत आहे.’ व्याकरण बिनचूक आहे, कानाला बातमीसारखंही वाटतं, पण आत काहीच नाही. वाईट शिक्षक खाली ‘छान’ लिहून दहापैकी सात देतो. चांगला शिक्षक ‘गंभीर’खाली रेघ मारून विचारतो, किती दिवस पाणी नाही? ‘शहरात’खाली, कुठल्या गल्ल्या? ‘दिसून येत आहे’खाली, कुणाला दिसलं? आणि समासात, पालिकेचं म्हणणं कुठे आहे? मुलगी दुपारी पुन्हा जाते, दारं ठोठावते, पाणीपुरवठा अभियंत्याला गाठते आणि लिहिते: ‘प्रभाग चारमधल्या तीन गल्ल्यांत नऊ दिवसांपासून नळाला पाणी आलेले नाही. जलवाहिनीचा व्हॉल्व्ह नादुरुस्त असून दुरुस्तीला आणखी दोन दिवस लागतील, असे अभियंत्यांनी सांगितले.’ पहिल्या वाक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा हा प्रवास सत्रात पंधरा-वीस वेळा झाला, तर मुलगी पत्रकार होते. साठ जणांच्या वर्गात एकच शिक्षक असेल तर तो इतक्या कॉप्या तपासू शकत नाही, म्हणून लेखनाच्या तासाला वर्गाचे भाग करतात का हे विचारा. वीस-पंचवीसच्या वर गट गेला की तपासणी संपली असं समजा. हल्ली एआयने लिहिलेला मजकूर देण्याची सोय झाल्यापासून तर ही फेरतपासणी आणखी गरजेची झाली आहे. त्या गल्लीत जाऊन दार ठोठावणं यंत्राला जमत नाही.

मान्यतेचं काम एका संध्याकाळचं आहे, पण टाळू नका. यूजीसीच्या संकेतस्थळावर राज्य खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत, त्यात पूर्ण नाव जुळवून घ्या. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठाला दुसऱ्यांची महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत. त्यामुळे एखाद्या व्यापारी संकुलात चाललेली संस्था ‘आमची पदवी अमुक राज्यातल्या विद्यापीठाची’ असं सांगत असेल तर तिथून निघा. छत्तीसगडच्या कायद्याखाली कागदोपत्री उभी राहिलेली शंभरावर खासगी विद्यापीठं सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या प्रा. यशपाल खटल्यातल्या निकालाने एका फटक्यात रद्दबातल झाली होती. तुमच्या बाबतीत विद्यापीठ पुण्यातच आहे, स्वतःच्या आवारात शिकवतंय, म्हणजे ही भीती कमी आहे. तरी यादी बघाच. राज्य शासनाची शिष्यवृत्ती अपेक्षित असेल तर महाडीबीटी पोर्टलवर त्या योजनेखाली विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव निवडता येतं का हेही आत्ताच तपासा. खासगी विद्यापीठांना सगळ्या योजना लागू नसतात आणि ‘नंतर होईल’ हे प्रवेश विभागाचं उत्तर त्यांना कशालाही बांधत नाही.

आता पैशाचं. दहा लाखांच्या कर्जाला बँक तारण मागेल, कारण नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. चार लाखांपर्यंत तारण, जामीन काहीच लागत नाही. शिक्षणाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू राहतं. साडेदहा टक्के दर धरला आणि रक्कम दरवर्षी एक तृतीयांश अशी उचलली, तर चार वर्षांत साध्या व्याजाचे ३ लाख १५ हजारांच्या आसपास चढतात. मग १३ लाख १५ हजारांवर दहा वर्षांचा हप्ता महिन्याला पावणेअठरा हजारांच्या घरात येतो. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर हप्ता साडेतेरा हजारांवर राहतो, आणि काही बँका त्यासाठी दरात सवलतही देतात. मुलींना अर्धा टक्का सवलत बऱ्याच बँकांत मिळते, ती मागून घ्या.

या हप्त्यासमोर पगार ठेवून बघा. मराठी वृत्तपत्राच्या किंवा वाहिनीच्या डेस्कवर नव्याने लागणाऱ्याने वीस हजारांच्या आसपास धरून चालावं. मुंबईत राहून यातून पावणेअठरा हजार हप्ता जात नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुलीला वार्ताहरच व्हायचं असेल तर दहा लाखांचं कर्ज काढू नका. उदगीरला किंवा लातूरला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा मराठी घेऊन पदवी करू द्या, त्या तीन वर्षांत स्थानिक दैनिकाला बातम्या देऊ द्या, आणि मग पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पदव्युत्तर शिक्षण किंवा आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) अमरावती केंद्रातली मराठी पत्रकारितेची पदविका यासाठी प्रवेश परीक्षा देऊ द्या. विषयाचं ज्ञान असलेला वार्ताहर जास्त टिकतो. जाहिरात, ब्रँडचं काम, जनसंपर्क, डिजिटल मोहिमा याकडे ओढा असेल तर हिशोब बदलतो. तिथे पगार लवकर वाढतो, इंग्रजीत सादरीकरण करावं लागतं आणि पुण्या-मुंबईतल्या ओळखी खरंच उपयोगी पडतात. तिथेही कर्ज साडेसात लाखांच्या आत बसवता आलं तर बघा.

भरायचंच ठरलं तर तीन वर्षं अशी वापरावीत.

पहिल्या दोन सत्रांत कॅमेऱ्याच्या मागे लागू नये, आवाज शिकावा. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच फिल्म आवाजात पडतात. हलतं चित्र प्रेक्षक सहन करतो, न ऐकू येणारी मुलाखत तो बंद करतो. कॉलर माइक हनुवटीखाली साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर लावायचा. साडी किंवा ओढणी असेल तर काठावर लावून वायरला आतून एक वळसा देऊन चिकटपट्टी मारायची, नाहीतर कापड घासल्याचा खरखराट येतो आणि तो नंतर कशानेही निघत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायचा विसरू नये म्हणून आपल्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवायची. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, आणि बोलणाऱ्याचा सर्वांत चढा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करता येणारं अ‍ॅप वापरा, नाहीतर माणूस थांबला की मागच्या रस्त्याचा आवाज उसळून वर येतो. हेडफोन कानावर असल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचं नाही. मुलाखत झाली की सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची ३० सेकंद शांतता टिपायची, कारण कापलेल्या वाक्यांमधल्या फटी त्यानेच भरतात.

चित्राबाबत दोनच गोष्टी इथे सांगतो, कारण त्यावर सगळे अडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर सेकंदाचा एक छेद ५०. कॅमेऱ्यात ३० फ्रेम आणि एक छेद ६० तसंच राहिलं तर ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं आणि संकलनात ते सुधारत नाही. दुसरं, साठवण. सेकंदाला १०० मेगाबिटने केलेलं फोर-के चित्रण तासाला ४५ जीबी खातं. मुलं २५६ जीबीचा लॅपटॉप घेऊन येतात, दुसऱ्या सत्रात तो भरतो, मग जुनं मूळ चित्रण पुसतात आणि तिसऱ्या वर्षी दाखवायला काही उरत नाही. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क पहिल्याच महिन्यात घ्या, आणि दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

भाषेबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या सत्रात इथेच खचतात. वर्ग इंग्रजीत चालतो, वाचायला दिलेले उतारे अवघड असतात, गटचर्चेत शहरी मुलं पुढे असतात. यावर तीन-चार महिने चिकाटीने काम करावं लागतं: रोज एक इंग्रजी बातमी वाचून तिचा मराठी सारांश, आणि दर आठवड्याला स्वतःची एक मराठी कॉपी इंग्रजीत. पण याच काळात मराठी सुटता कामा नये. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मिनिटाला ३० शब्दांचा वेग आणावा, म्हणजे शासनाच्या टंकलेखन प्रमाणपत्राची पहिली पायरी जमेल. युनिकोड आणि जुने फॉन्ट यांतला फरक समजून घ्यावा. कारण एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात गेला की रफार आणि जोडाक्षरं फुटतात आणि ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक नाहीसा होतो. मुलाखतीचं आपोआप लेखन करणारी साधनं मराठीत बरी चालतात, पण आडनावं आणि गावांची नावं हमखास चुकवतात. ती ऐकूनच तपासावी लागतात. पुण्यातल्या त्या वर्गात लातूर-उदगीरची बोली, तिथलं सोयाबीन, तिथलं पाणी माहीत असलेली ती कदाचित एकटीच असेल. प्रकल्पांचे विषय तिने तिथूनच घ्यावेत. कॅफे संस्कृतीवरची फिल्म वर्गातले दहा गट करणारच आहेत.

वाहिनीसाठीचं पॅकेज, म्हणजे निवेदन, मुलाखतीचे तुकडे आणि चित्रं जोडून केलेली बातमी, बसवताना आकडे लक्षात ठेवायचे: दीड मिनिटाच्या पॅकेजमध्ये निवेदन साठ सेकंद, म्हणजे मराठीत साधारण १२० शब्द. दहा-बारा सेकंदांचे दोन बाइट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे). राहिलेले सहा ते दहा सेकंद नुसता तिथला आवाज: हापसा, ट्रॅक्टर, बाजार. दोनशे शब्द लिहून आणलं की निवेदन धावतं आणि चित्राला श्वास राहत नाही.

दुसऱ्या वर्षी माहिती अधिकार प्रत्यक्ष वापरायला शिकावं. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘रस्त्यांची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज फुकट जातो. ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती’ असं मागितलं की कागद हाती पडतात. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. उत्तर यायला महिना-दोन महिने जातात, म्हणून अर्ज सत्राच्या पहिल्या आठवड्यात टाकायचा. माध्यम कायद्याच्या विषयातली निदान तीन कलमं तोंडपाठ हवीत: मानहानीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३५६, लैंगिक अत्याचारपीडितेची ओळख उघड करण्यावरचं ७२, आणि बालकांबाबत पॉक्सोचं, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याचं, २३. नाव लपवून शाळेचा फोटो छापला तरी ओळख उघड होते आणि गुन्हा घडतो.

इंटर्नशिप मोठ्या नावापेक्षा कामावरून निवडावी. मोठ्या वाहिनीत सहा आठवडे बाइट उतरवण्यात जातात. जिल्हा आवृत्तीच्या कार्यालयात दुसऱ्याच दिवशी बातमी लिहायला बसवतात. एक जिल्ह्यात आणि एक शहरात, अशा दोन केल्या तर दोन्ही हाती लागतं. शेवटी दाखवायला सहा कामं पुरतात, प्रत्येकाखाली ‘यात माझं काम काय’ हे एका ओळीत. पाच जणांच्या फिल्मवर पाचही जण ‘दिग्दर्शन’ लिहितात, आणि मुलाखत घेणारे ते ओळखतात.

प्लेसमेंटचा आकडा विचारताना ‘सर्वाधिक पगार’ बाजूला ठेवा. गेल्या वर्षी किती जण पदवीधर झाले, त्यातल्या किती जणांनी नोंदणी केली, किती जणांना माध्यमातलंच काम मिळालं आणि मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचा पगार किती, हे चार आकडे लेखी मागा.

फी भरण्याआधी प्रवेशाची जाहीर केलेली शेवटची तारीख पावतीच्या मागे लिहून ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार परताव्याचं गणित त्या तारखेवर चालतं. पंधरा किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी, त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या पाच टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५ हजार वजा. त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काही नाही. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीचं वेगळं परिपत्रक काढतं, तेही बघून घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखला पडताळणी करून लगेच परत द्यावेत असं हाच नियम सांगतो. खिडकीवर ‘ओरिजिनल जमा करा’ म्हणाले तर साक्षांकित प्रती द्या, आणि मूळ कागद त्याच दिवशी सोबत घेऊन या.